‘समजून द्या’ म्हणू नका, आधी दर सांगा

दिवसभर कारखान्यात किंवा दुसऱ्याच्या गॅरेजवर राबून संध्याकाळी घरच्या ओट्यावर चार दुरुस्त्या करणारे कारागीर बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत कमी नाहीत. कोणी पंपाची मोटार उघडतो, कोणी शिलाई मशीन, कोणी मिक्सर, कोणी मोबाईल, तर कोणी मोटारसायकल. काम झाले की गिऱ्हाईक विचारते, “मिस्तरी, किती झाले?” आणि मिस्तरी मान खाली घालून हात पुसत म्हणतो, “द्या की समजून.”

या दोन शब्दांनी आमच्या कारागीर बांधवांचे जितके नुकसान केले आहे तितके महागाईनेही केले नसेल. ‘समजून द्या’ यात अदब आहे, संकोच आहे, गिऱ्हाइकाशी असलेला घरोबा आहे, हे आम्ही जाणतो. पण त्यात हिशेब नाही. ज्या कामात हिशेब नाही त्या कामात बरकत राहत नाही. फावल्या वेळच्या दुरुस्तीचा दर कसा ठरवावा, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात तो घरातल्या चुलीचा आहे, आणि गल्लीत पूर्णवेळ दुकान मांडून बसलेल्या आपल्याच भावाच्या चुलीचाही आहे.

संकोच आला कोठून?

पूर्वी गावात दुरुस्तीचा दर विचारण्याची पद्धतच नव्हती. लोहाराने फाळ शेवटावा, सुताराने औताचे जू बसवावे आणि सुगीत खळ्यावरून बलुते न्यावे, अशी रीत होती. आमचा मुलाणीही या बलुतेदारांत मोजला जाई. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ या ग्रंथात ही सारी व्यवस्था तपशिलाने मांडली आहे. वर्षाचे धान्य ठरलेले असे, म्हणून एकेका कामाचे मोल कोणी करीत नसे. पुढे पैशाचा व्यवहार वाढला, बलुते मागे पडले, खळ्यावरचे धान्य गेले. पण ‘मागायचे कसे’ हा संकोच मात्र मागे राहिला.

आमच्याच बिरादरीतील जुने फिरते धंदे पाहिले तर त्यांत हा घोळ नव्हता. शिकलगार नगावर दर सांगे. पिंजारी कापूस तोलून मजुरी सांगे. कलईवाला भांड्याचा आकार पाहून आधी बोली करी आणि मगच भाता पेटवी. गल्लीतल्या प्रत्येक बाईला तो दर ठाऊक असे. मोटार, मिक्सर, मोबाईल ही नवी कामे आली आणि आपण दर आधी सांगण्याची जुनी शहाणी चाल सोडून दिली.

दोन तालुक्यांतील चित्र

नीरा डावा कालवा आणि उजनीचे पाणी यांवर या भागाची शेती उभी आहे. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमेच्या काठाने पाणी उपसणारे पंप बसत गेले. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशा साखर कारखान्यांमुळे ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची वर्दळ वाढली. इंदापूर तालुक्यात शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात उभारलेल्या वालचंदनगरने फिटर, टर्नर, वेल्डर घडवले. बारामतीच्या एमआयडीसीत १९९० च्या दशकाच्या अखेरीस पियाजियोचा आपे रिक्षांचा कारखाना आला. हातात कसब असलेला माणूस आणि बिघडणारी यंत्रे, दोन्ही येथे मुबलक आहेत. म्हणून नोकरी सांभाळून दुरुस्ती करणाऱ्यांची संख्याही मोठी आहे.

या माणसाचे म्हणणे साधे असते. “पगार तर चालूच आहे. हे वरचे पैसे. जे मिळेल ते आपले.” आमच्या मते चूक येथेच सुरू होते. वरचे म्हणून ते फुकटचे नव्हेत. ते संध्याकाळ मोडून, पाठ मोडून कमावलेले असतात.

एका कामाचा हिशेब

आपण एका कामाचा हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

समजा एका फिटरला महिन्याला २०,८०० रुपये पगार आहे. २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास झाले. त्याचा तास १०० रुपयांना पडला. आता त्याच्याकडे शेतावरच्या पंपाचे बेअरिंग आणि सील बदलण्याचे काम आले. शेत १२ किलोमीटरवर आहे. जाण्या-येण्यात ४५ मिनिटे, बाजारातून बेअरिंग व सील आणण्यात अर्धा तास, उघडणे, बसवणे आणि चालवून पाहणे यांत सव्वादोन तास. एकूण साडेतीन तास झाले. मजुरी ३५० रुपये.

येथे बहुतेकांचा हिशेब थांबतो, किंवा सुरूच होत नाही. पण मोटारसायकल २४ किलोमीटर चालली, तिचे पेट्रोल ५५ रुपये धरा. पुलर, पाने, मीटर अशी हत्यारे ६,००० रुपयांची आहेत. ती ३ वर्षे टिकतील आणि वर्षाला १०० कामे होतील असे धरले तर एका कामावर २० रुपये झीज आली. ग्रीस, पॉलिश पेपर, चिंध्या, फोन यांचे २० रुपये. शिवाय दहा कामांत एखादे काम परत येते. तेव्हा पुन्हा जावे लागते आणि त्याचे पैसे मागता येत नाहीत. म्हणून त्या फेरीचा दहावा हिस्सा, ३५ रुपये, प्रत्येक कामावर धरायला हवा. बेरीज ४८० रुपये झाली. यात नफा नाही. ही फक्त घाम आणि खर्चाची भरपाई आहे.

आता ‘समजून द्या’ म्हटल्यावर गिऱ्हाईक काय देते? ते समजूनच देते, पण आपल्या बाजूने समजून. पार्टचे पैसे वेगळे देते आणि वर हातावर २०० रुपये ठेवते. मिस्तरी सलाम करून खिशात घालतो. त्यातून पेट्रोल, झीज आणि किरकोळ सामानाचे ९५ रुपये वजा करा. १०५ रुपये उरले. साडेतीन तासांनी भागा, तासाला ३० रुपये पडले. जो माणूस दिवसा १०० रुपये तासाने काम करतो, तोच संध्याकाळी, थकलेल्या अंगाने, मुलाबाळांच्या वाट्याचा वेळ ३० रुपये तासाने विकतो. याला वरची कमाई म्हणावे की वरचे नुकसान?

शेजारच्या दुकानदाराचे काय?

फावल्या वेळचा कारागीर म्हणतो, “मला दुकानभाडे नाही, म्हणून मला स्वस्त परवडते.” हे अर्धे खरे आहे. पुन्हा आकडे मांडू. त्याच गावात एकाने दुरुस्तीचे दुकान टाकले आहे. भाडे ६,०००, वीज १,५०० आणि हाताखालच्या पोराचे ९,००० मिळून महिन्याला १६,५०० रुपये झाले. २६ दिवसांनी भागले तर रोजचे सुमारे ६३५. दिवसाला पाच कामे झाली तर एका कामावर १२७ रुपयांचा बोजा. पण हा दुकानदार शेतावर जात नाही, पंप त्याच्याकडे येतो. म्हणजे त्याचे ५५ रुपयांचे पेट्रोल आणि वाटेतला ७५ रुपयांचा वेळ वाचला. आपल्या ४८० मध्ये १२७ मिळवा आणि हे १३० वजा करा. ४७७ रुपये येतात.

दोघांचा हिशेब जवळजवळ एकाच आकड्यावर आला. एकाचे पैसे भाड्यात जातात, दुसऱ्याचे वाटेत. तेव्हा फावल्या वेळचे काम मुळातच स्वस्त असते, ही समजूत खरी नाही. ते स्वस्त दिसते, कारण करणारा आपला वेळ मोजत नाही.

आणि या न मोजण्याचा मार कोणावर बसतो? त्या दुकानदारावर. गिऱ्हाईक त्याच्या तोंडावर सांगते, “अमका तर दोनशेत करतो.” दुकानदाराला भाडे चुकत नाही. तो दर पाडतो, मग पोराला काढतो, मग हलका पार्ट बसवू लागतो, शेवटी शटर ओढतो. ज्याला नोकरीचा पगार आहे त्याने, ज्याला फक्त हेच काम आहे त्याच्या ताटातले असे नकळत ओढून घ्यावे, हे आम्हाला रास्त वाटत नाही. फावल्या वेळी काम करू नका असे आम्ही म्हणत नाही. कष्टाला वेळेचे बंधन नाही. पण दर मात्र बाजाराच्या हिशेबाने असावा. गिऱ्हाईक तुमच्याकडे यावे ते कामाच्या खात्रीने, पडलेल्या दराने नव्हे.

गिऱ्हाइकाचाही यात फायदा नसतो. ‘महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार’ ही म्हण आपल्या घराघरांत बोलली जाते. ज्याला ३० रुपये तास पडतो तो घाईत काम करतो, मोटार चालवून न पाहता उठतो आणि परत बोलावले की टाळाटाळ करतो. पूर्ण मजुरी मिळाली तरच कारागिराला परत येण्याची लाज आणि ताकद दोन्ही राहते.

नाते, ओळख आणि गरिबी

येथे एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. गावात सगळेच ओळखीचे. कोणी मामा, कोणी चाचा, कोणी शेजारची आपा. त्यांना बिल कसे सांगायचे? एखादी बेवा शिलाई मशीनवर घर चालवते. तिच्याकडून पूर्ण मजुरी कशी घ्यायची?

आमचे उत्तर असे आहे. दर आणि सवलत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. आधी पूर्ण दर सांगा, मग मनात येईल तेवढे सोडा. “आपा, याचे ३०० होतात, तुमच्याकडून १०० घेतो,” असे म्हणा. द्यायचेच नसेल तर, “३०० होतात, पण राहू द्या,” म्हणा. यात तुमच्या कामाचे मोल राहते आणि तुमच्या चांगुलपणाचेही राहते. तिने शेजारणीला सांगितले तर ती ‘तीनशेचे काम शंभरात करून दिले’ असे सांगेल. दर न सांगता शंभर घेतले तर ती ‘तिथे शंभर घेतात’ एवढेच सांगेल. मग शेजारीण शंभरच घेऊन येईल, तिची ऐपत असो वा नसो. खैरात करायची तर ती खैरात म्हणून करावी. दराच्या पोटात लपवलेली खैरात गरजूला कळत नाही आणि बाजार मात्र बिघडवते.

पार्टमध्ये काढणे

दर सांगायला संकोचणारा माणूस पुष्कळदा दुसरी वाट धरतो. मजुरी कमी सांगायची आणि पार्टमध्ये काढून घ्यायचे. २५० चे बेअरिंग ३५० ला लावायचे. हे आता चालणारे नाही, आणि चालू नये. वेष्टनावर छापलेल्या कमाल किमतीहून जास्त पैसे घेणे कायद्याने गुन्हा आहे. शिवाय गिऱ्हाइकाच्या पोराच्या हातात मोबाईल आहे, तो जागेवर किंमत पाहतो. एकदा चोरी सापडली की मजुरीतला प्रामाणिकपणाही संशयात येतो. पार्ट ज्या भावाने आणला त्याची पावती दाखवा. आणून देण्याचे, निवडण्याचे काही घ्यायचे असेल तर ते उघड सांगून घ्या. जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात परत द्या. मग मजुरीचा पूर्ण आकडा सांगताना जीभ अडखळणार नाही.

मोटार वाइंडिंग करणाऱ्यांनी तर दोन गोष्टी अधिक सांभाळाव्यात. वाइंडिंगचा दर एचपीवर सांगण्याची रीत आहे, पण त्यात तांब्याच्या तारेचा मोठा वाटा असतो. तांब्याचा भाव लंडनच्या धातुबाजारात ठरतो आणि मुंबईच्या वायदेबाजारातून आपल्या तारेच्या दुकानात पोचतो. दिवाळीला सांगितलेला दर होळीला टिकेलच असे नाही. म्हणून तार वेगळी, मजुरी वेगळी सांगा, आणि हा भाव किती दिवसांसाठी आहे तेही सांगा. दुसरी गोष्ट जळालेल्या तारेची. तिला भंगारात चांगला भाव येतो. ती मोटारमालकाची असते. मिस्तरीने ठेवून घ्यायची असेल तर तेवढी रक्कम बिलातून कमी करावी आणि हे आधी बोलून घ्यावे. न बोलता ठेवलेली तार हा हक्क नव्हे.

मोटार का जळाली हेही सांगावे. एक फेज गेला आणि मोटार दोन फेजवर ओढत राहिली, की जादा करंटने वाइंडिंग जळते. पाणी तुटून पंप कोरडा चालला की सील जाते. नुसते वाइंडिंग करून दिले आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवायला सांगितले नाही, तर तीच मोटार पुन्हा येणार. ही अक्कल वर्षानुवर्षांच्या कामातून आलेली असते, आणि मजुरीत तिचेही मोल आहे. “पाच मिनिटांत तर झाले, एवढे कसले पैसे?” असे म्हणणाऱ्याला शांतपणे सांगावे की ती पाच मिनिटे शिकायला पंधरा वर्षे लागली.

उघडून पाहण्याचे पैसेही आधी सांगावेत. अनेक जण यंत्र उघडून घेतात, दोष विचारून घेतात आणि ‘विचार करून सांगतो’ म्हणून उचलून नेतात. तपासणीचे १०० रुपये लागतील, काम येथेच केले तर ते मजुरीत धरले जातील, एवढे एक वाक्य बोलले तर वाद उरत नाही.

अडलेल्याचा दर

आता उलट बाजू. कालव्याचे आवर्तन सुटले आहे, पाणी चार दिवस आहे, आणि पंप बंद पडला. किंवा गळिताचा हंगाम ऐन भरात आहे, उसाने भरलेली ट्रॉली रस्त्यात बसली आहे. अशा वेळी शेतकरी मागाल ते देतो. गरजवंताला अक्कल नसते, असे म्हणतात. तेव्हा दुप्पट-तिप्पट घेणारे मिस्तरीही आम्ही पाहतो. वर्षभर ‘समजून द्या’ म्हणून जे गमावले ते एका रात्रीत वसूल करण्याची ही वृत्ती आहे. एक चूक दुसऱ्या चुकीने भरून निघत नाही. तो शेतकरी पैसे देतो, पण विसरत नाही.

रात्रीच्या कामाचा, सुट्टीच्या दिवसाचा, दूरच्या शेताचा दर जास्त असायला आमची हरकत नाही. त्यात कष्ट जास्त आहेत. पण तो आधी ठरलेला, सर्वांना सारखा आणि लिहिलेला असावा. ‘रात्री ९ नंतर दीडपट’ असे पाटीवर असेल तर तो वेळेचा दर झाला. समोरच्याचा चेहरा पाहून सांगितला तर तो लाचारीचा दर झाला.

उधारीबद्दलही असेच. “उसाचे बिल आले की देतो,” हे वाक्य या भागात रोजचे आहे. कायद्याप्रमाणे कारखान्याने उसाची रास्त रक्कम १४ दिवसांत द्यायची असते. पण मिस्तरीच्या उधारीला असा कायदा नाही. उधारी देऊच नये, असे सांगणे या भागात पुस्तकी ठरेल. पण पार्टचे पैसे रोख घ्यावेत, उधार फक्त मजुरी ठेवावी आणि ती वहीत तारखेसह लिहून गिऱ्हाइकाला दाखवावी. खिशातले घालून दुसऱ्याचा पंप चालू करणे ही दुरुस्ती नव्हे, ते कर्ज देणे झाले.

मालकाचा हक्क

जो नोकरी करून हे काम करतो त्याने आणखी एक रेघ ओलांडू नये. ज्या गॅरेजवर तुम्ही पगार घेता, त्याच गॅरेजवर आलेल्या गिऱ्हाइकाला कानात सांगून संध्याकाळी घरी बोलावणे ही मालकाच्या हक्कात खोट आहे. कारखान्यातले ग्रीस, वेल्डिंगचे रॉड, नटबोल्ट पिशवीतून आणून स्वस्तात काम करणे तर उघड चोरी आहे. असा कमी दर हा कमी दर नसतोच, त्याचा उरलेला भाग दुसऱ्याच्या खिशातून गेलेला असतो. नोकरीच्या अटींत बाहेरचे काम करण्यावर बंधन असेल तर ते आधी वाचावे आणि शक्य तेथे मालकाशी उघड बोलून घ्यावे. रोजी हलाल व्हायची तर ती दोन्ही टोकांनी हलाल असावी लागते.

पावती आणि कायदा

“आमचे काम छोटे, पावती कशाला?” असेही म्हटले जाते. पावती गिऱ्हाइकापेक्षा कारागिराला अधिक उपयोगी आहे. काय दुरुस्त केले आणि काय केले नाही, हे त्यावर लिहिलेले असते. बेअरिंग बदलले, वाइंडिंगला हात लावला नाही, एवढी ओळ असली तर महिन्याने वाइंडिंग जळाल्यावर भांडण होत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. पैसे घेऊन केलेली सेवा त्यात येते आणि बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्याला साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. ज्याची नोंदणी नाही त्याने पावतीवर जीएसटी लावू नये. साधी छापील वही पुरते. त्यावर हमी किती दिवसांची आणि कशाची, हेही लिहावे.

दुरुस्तीच्या कामाचे दिवस संपले, लोक आता टाकतात आणि नवे घेतात, असे वाटणाऱ्यांनी जगाकडेही पाहावे. स्वीडनने २०१७ साली सायकली, चपला-बूट आणि कपडे यांच्या दुरुस्तीवरील कर २५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आणला होता. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही विजेच्या वस्तूंवर ती किती सहज दुरुस्त होते याचा गुणांक छापणे सक्तीचे झाले. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती विद्युत वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे धरली. म्हणजे नेमकी आपल्या ओट्यावर येणारी कामे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत लोहार, कुलूप बनवणारे, शिंपी अशा १८ व्यवसायांना प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन ठरवले. मोटार वाइंडर किंवा मोबाईल दुरुस्त करणारा त्या १८ मध्ये नाही. पण एक गोष्ट त्यातून घ्यावी. कारागिराचा दिवस बुडाला तर त्याची किंमत असते, हे सरकारनेही मानले. मग कारागिराने स्वतः का मानू नये?

आता काय करावे?

आपल्या दीनी शिकवणुकीत या प्रश्नाचे उत्तर जुनेच आहे. मजुरीच्या कराराला फिकहमध्ये इजारा म्हणतात. त्यात काम कोणते आणि मोबदला किती, हे दोन्ही आधी ठाऊक असावे लागते. मोबदला न ठरवता काम झाले तर हनफी फिकह उज्रत-ए-मिस्ल द्यायला सांगते, म्हणजे तशाच कामाला बाजारात जी मजुरी मिळते ती. ‘समजून द्या’ची येथे सोय नाही. देणाऱ्याच्या मर्जीवर किंवा घेणाऱ्याच्या संकोचावर मजुरी ठरत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक कारागिराने या आठवड्यात एक वही घ्यावी आणि महिनाभर प्रत्येक कामाचे तास, पेट्रोल, सामान, परत आलेली कामे आणि मिळालेले पैसे लिहावेत. महिनाअखेरीस भागाकार करावा आणि आपला तास कितीला पडला ते पाहावे. तो आकडा दिवसाच्या तासापेक्षा कमी असेल तर दर बदलावा. नेहमीच्या दहा कामांचे दर पुठ्ठ्यावर लिहून ओट्यावर लावावेत. गल्लीतल्या दुकानदाराचा दर माहीत करून घ्यावा. तेथे जाऊन संगनमताने भाव बांधू नयेत, तेही कायद्याला मंजूर नाही. पण एकमेकांचा खर्च समजून घ्यायला कोणाची मनाई नाही. आपल्याला न झेपणारे काम त्याच्याकडे पाठवावे आणि त्याच्याकडे गर्दी असेल तेव्हा त्याचे काम आपण घ्यावे. यात दोघांचे घर चालते.

दर वाढवल्यावर काही गिऱ्हाइके जातील. त्यांतली काही परत येतील, काही येणार नाहीत. जी जातील त्यांच्याबरोबर ३० रुपये तासाच्या संध्याकाळीही जातील, आणि त्या घरच्यांच्या वाट्याला येतील. उद्या गिऱ्हाइकाने यंत्र खाली ठेवले की ते उघडण्याआधी आकडा सांगा. आवाज चढवू नका, मान खाली घालू नका.